आजारपणातील कोंबडीचे सूप

आजारपणातील कोंबडीचे सूप म्हणजे सर्दी, खोकला, ताप, अशक्तपणा किंवा शस्त्रक्रियेनंतरचा काळ अशा प्रसंगी रुग्णास दिला जाणारा कोंबडीच्या मांसाचा व हाडांचा पातळ, गरम अर्क होय. जगाच्या अनेक भागांत तो घरगुती उपचार मानला जातो. महाराष्ट्रात याच हेतूने कोंबडीच्या सुपाबरोबर मटणाचे अळणी पाणी, पायांचे सूप, किनारपट्टीवर चिंबोऱ्यांचे (खेकड्यांचे) सूप व माशांचे सौम्य कालवण, तर शाकाहारी घरांत मुगाचे कढण, कुळथाचे कळण आणि तांदळाची पेज देण्याची रीत आहे.

सुपाचा खरोखर उपयोग होतो का, या प्रश्नावर १९७० च्या दशकापासून शास्त्रीय अभ्यास झाले आहेत. त्यांवरून असे दिसते की, गरम सुपाने सर्दीच्या लक्षणांना काही काळ उतार पडतो, पोटात पाणी व मीठ जाते आणि अन्नावरची वासना परत येण्यास मदत होते. मात्र सूप रोगजंतूंचा नाश करीत नाही आणि गाळलेले सूप पूर्ण आहाराची जागा घेऊ शकत नाही.

## संज्ञा आणि प्रकार

मराठीत ‘सूप’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. धान्य पाखडण्याचे सूप हा जुना अर्थ, तर पातळ पेयाचा अर्थ इंग्रजीतून आला. संस्कृतातही ‘सूप’ शब्द आहे, पण तेथे तो मुख्यतः शिजवलेल्या डाळीच्या पदार्थासाठी वापरला जातो. मांसाच्या अर्काला आयुर्वेदीय ग्रंथांत ‘मांसरस’ आणि डाळींच्या पातळ अर्काला ‘यूष’ म्हणतात.

घरगुती व्यवहारात पुढील प्रकार प्रचलित आहेत :

* अळणी पाणी किंवा अळणी सूप – मटण वा कोंबडी हळद, आले, लसूण आणि थोड्या मिठावर शिजवून काढलेले पाणी. तिखट मसाला घालण्यापूर्वी ते वेगळे काढतात. पश्चिम महाराष्ट्रात लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांना ते देण्याची पद्धत आहे. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्याचा पायाही असेच पाणी असते.
* गावठी कोंबडीचे सूप – परसात वाढवलेल्या कोंबडीचे तुकडे हाडांसह मंद आचेवर बराच वेळ शिजवून केलेले सूप. त्यात मिरी, जिरे, आले, लसूण व कांदा घालतात.
* पायांचे सूप – बकऱ्याचे पाय अनेक तास शिजवून केलेले दाट, चिकट सूप. हाड मोडल्यावर ते देण्याचा प्रघात आहे.
* चिंबोऱ्यांचे सूप – खेकड्यांचे पाय व नांग्या वाटून, गाळून, त्या रसाला आले-लसूण व मिरी लावून उकळी आणलेले सूप. खेकड्याला उत्तर कोकणात ‘चिंबोरी’, दक्षिण कोकणात ‘कुर्ली’ म्हणतात. सर्दी व कफावर ते ‘उष्ण’ म्हणून दिले जाते.

## इतिहास

### आयुर्वेदीय परंपरा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्रत्येक गुणासाठी श्रेष्ठ द्रव्य कोणते याची एक लांब यादी आहे. तीत शरीराचे तर्पण करणाऱ्या पदार्थांत मांसरसाला आणि बल देणाऱ्या पदार्थांत कोंबड्याला अग्रस्थान दिलेले आहे. यामुळे ‘आजाऱ्याला कोंबडीचा रस द्यावा’ या समजुतीला भारतात प्राचीन आधार असल्याचे म्हटले जाते.

मात्र ही परंपरा सरसकट नव्हती. ज्वराच्या चिकित्सेची चर्चा करताना चरकसंहितेतच असा मतभेद नोंदवलेला आहे की, कोंबडी, मोर, तित्तिर इत्यादी पक्ष्यांचे मांस जड व उष्ण असल्यामुळे काही वैद्य ते ज्वरात प्रशस्त मानत नाहीत. तापाच्या सुरुवातीला लंघन किंवा हलका आहार आणि ताप उतरू लागल्यावर क्रमाने पौष्टिक आहार, असा सर्वसाधारण दंडक होता.

शोधनोपचारानंतरच्या आहारासाठी ‘संसर्जन क्रम’ सांगितलेला आहे. त्यात पेया, विलेपी, यूष आणि मांसरस अशा चढत्या पायऱ्या असतात. यूष व मांसरस हे प्रथम बिनसंस्काराचे (अकृत) आणि नंतर मीठ, स्नेह व मसाल्यांचा संस्कार केलेले (कृत) द्यावेत, असा भेदही केलेला आहे. म्हणजे मांसरस हा उपचाराचा आरंभ नसून रुग्णाला नेहमीच्या आहाराकडे परत नेणारी शेवटची पायरी होती. आधी पेज, मग मऊ भात व मुगाचे कढण आणि तोंडाला चव आल्यावर रस्सा, हा मराठी घरांतील पथ्याचा क्रम याच विचाराशी जुळणारा आहे.

### पश्चिम आशिया व युरोप

बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ व वैद्य मायमोनिदीज (११३८–१२०४) याचा जन्म स्पेनमधील कोर्दोबा येथे झाला आणि पुढे त्याने कैरोत वैद्यकी केली. त्याने आपल्या वैद्यकीय लेखनात दुर्बल व आजारातून उठणाऱ्या रुग्णांसाठी तसेच श्वसनाच्या विकारांत कोंबडीच्या सुपाची शिफारस केली. त्याच्या विचारांना ग्रीक व अरबी वैद्यकाचा आधार होता. पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांनी ही प्रथा अमेरिकेत नेली आणि तेथे या सुपाला विनोदाने ‘ज्यू पेनिसिलिन’ असे नाव पडले. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायली ज्यूंची खाद्यपरंपरा यापेक्षा निराळी असून तीत नारळाच्या दुधाचा वापर ठळक आहे.

### मांस-अर्काचा व्यापार आणि टीका

एकोणिसाव्या शतकात मांसाची सर्व शक्ती पाण्यात उतरते, या कल्पनेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने १८४७ मध्ये गोमांसाचा दाट अर्क काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८६५ मध्ये त्याच्या नावाची कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली आणि उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथील कारखान्यात तो अर्क मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. तो रुग्णांसाठी पौष्टिक म्हणून विकला गेला. परंतु मांसातील बहुतेक प्रथिने चोथ्यातच राहतात आणि अर्कात मुख्यतः चव व क्षार उतरतात, अशी टीका लवकरच सुरू झाली.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनीही रुग्णसेवेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात (१८५९) मांसाच्या अर्काविषयी सावधगिरीचा इशारा दिला. असा अर्क आटवून पाहिल्यास तळाशी घन पदार्थ किती थोडा उरतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याचबरोबर रुग्णाला त्याने काही प्रमाणात बरे वाटते, हेही त्यांनी मान्य केले.

## पालघर किनाऱ्यावरील प्रथा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. पालघर शहराच्या पश्चिमेस अरबी समुद्राच्या काठी वसलेले सातपाटी हे या किनाऱ्यावरील प्रमुख मासेमारी गाव असून ते पापलेटसाठी विशेष प्रसिद्ध आहे. मांगेला व वैती या मच्छीमार समाजांची येथे मोठी वस्ती आहे आणि मासळीच्या व्यवहारात सहकारी संस्थांचा मोठा वाटा आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला.

किनारपट्टीवरील घरांत आजाऱ्याच्या ताटातील मांसरसाची जागा बऱ्याच अंशी मासळीने घेतली आहे. रुग्णाला किंवा बाळंतिणीला देण्यासाठी मासा निवडताना तो पचायला हलका, कमी काट्यांचा व ताजा आहे का, हे पाहिले जाते. मुडदुशे हा मासा कोकणात याच कारणासाठी ‘पथ्याचा’ मानला जातो. पापलेटला काटे थोडे असल्याने तो लहान मुले व वृद्ध यांना देता येतो. ओला बोंबील अतिशय मऊ असतो व क्षणात शिजतो. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी (लहान शार्क) देण्याची समजूतही किनाऱ्यावर आढळते. रुग्णासाठीच्या कालवणात तिखट कमी आणि आंबट बेताचे ठेवून हळद, लसूण व आले यांवर भर दिला जातो.

### पावसाळा आणि आजाऱ्याचे ताट

या प्रथेचा मासेमारीच्या ऋतुचक्राशी निकटचा संबंध आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला पावसाळ्यात बंदी असते. १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा काळ त्यासाठी ठरवण्यात आला आहे. परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून नव्या हंगामाला सुरुवात होते. सर्दी, फ्लू, हिवताप, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण वाढतात तेही याच दिवसांत. म्हणजे घरात आजारपणे वाढण्याच्या काळातच ताजी समुद्री मासळी दुर्मिळ होते.

अशा वेळी तीन गोष्टी हाताशी असतात. पहिली म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकी मासळी : बोंबील, सुकट (जवळा), करंदी. दुसरी खाडीतली व खाजणातली चिंबोरी आणि तिसरी परसातली वा बाजारातली कोंबडी. यांपैकी सुक्या मासळीत प्रथिने भरपूर असतात, कारण वाळवताना पाणी निघून जाते. परंतु खारवलेल्या मासळीत मीठही बरेच असते. त्यामुळे उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाला ती देताना पाण्यात भिजवून मीठ कमी करणे किंवा ती टाळणे इष्ट ठरते. चिंबोरीचे सूप चवदार असले तरी कवचधारी जलचरांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीस ते धोक्याचे ठरू शकते. आजाऱ्यासाठी सौम्य कोंबडीचे सूप सोयीचे मानले जाते ते या पार्श्वभूमीवर.

श्रावणात अनेक कुटुंबे मांसाहार वर्ज्य करतात. त्या महिन्यात आजाऱ्याला पेज, मुगाचे कढण किंवा कुळथाचे कळण दिले जाते.

## वैज्ञानिक अभ्यास

### नाकातील श्लेष्म्याचा वेग (१९७८)

अमेरिकेतील मायामी बीच येथील माउंट सायनाय वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी १९७८ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात एक छोटा पण बहुचर्चित अभ्यास प्रसिद्ध केला. १५ निरोगी व्यक्तींना गरम पाणी, थंड पाणी आणि गरम कोंबडीचे सूप देऊन त्यांच्या नाकातील श्लेष्मा किती वेगाने पुढे सरकतो, हे पिण्यापूर्वी आणि पिल्यानंतर ५ व ३० मिनिटांनी मोजण्यात आले.

| पेय (घोट घेऊन) | पिण्यापूर्वीचा वेग (मिलिमीटर/मिनिट) | नंतरचा वेग (मिलिमीटर/मिनिट) |
|---|---|---|
| गरम पाणी | ६.२ | ८.४ |
| गरम कोंबडीचे सूप | ६.९ | ९.२ |
| थंड पाणी | ७.३ | ४.५ |

गरम पेयांनी वाढलेला वेग अर्ध्या तासात पूर्ववत झाला. नाकातून हवा जाण्यास होणाऱ्या अडथळ्यात मात्र कोणत्याही पेयाने फरक पडला नाही. पेयाची वाफ नाकात जाणे हे परिणामाचे एक प्रमुख कारण असावे, तसेच सुपाच्या वासामुळे किंवा चवीमुळे त्यात थोडी भर पडत असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. या प्रयोगातील व्यक्ती निरोगी होत्या, सर्दीने आजारी नव्हत्या, ही त्याची मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

### पांढऱ्या पेशींवरील प्रयोग (२०००)

नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील स्टीफन रेनार्ड व सहकाऱ्यांनी २००० मध्ये याच नियतकालिकात दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्दीत घसा व नाक यांना जी सूज येते, तीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा सहभाग असतो. रेनार्ड यांच्या सासरच्या कुटुंबातील पाककृतीने कोंबडी, कांदा, रताळे, गाजर, सलगम इत्यादी घालून केलेल्या सुपाच्या सान्निध्यात या पेशींची हालचाल मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. सूप जितके अधिक संहत तितका परिणाम अधिक होता. बाजारातील तयार सुपांचा परिणाम एकमेकांपेक्षा पुष्कळ वेगळा आढळला.

हा प्रयोग काचपात्रात झाला होता. सूप पोटात जाऊन पचल्यानंतर त्यातील घटक रक्तात पोहोचून असाच परिणाम करतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही ‘कोंबडीचे सूप सूज कमी करते हे सिद्ध झाले’ अशा स्वरूपात या अभ्यासाचा दाखला वारंवार दिला जातो.

### प्रत्यक्ष रुग्णांवरील अभ्यास

ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या सर्दी संशोधन केंद्रात सर्दी-फ्लूची लक्षणे असलेल्या ३० व्यक्तींवर एक अभ्यास झाला व तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सूप नव्हे, तर फळांचे पेय वापरले होते. काहींना ते गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाचे देण्यात आले. मोजणीत नाकातील हवेच्या प्रवाहात फरक दिसला नाही. परंतु गरम पेय घेणाऱ्यांना नाक वाहणे, खोकला, शिंका, घसादुखी, थंडी वाजणे व थकवा या सर्व लक्षणांत लगेच आराम वाटला. साध्या तापमानाच्या पेयाने केवळ नाक वाहणे, खोकला व शिंका यांतच आराम वाटला. सुपाने येणाऱ्या आरामात उष्णतेचा वाटा किती मोठा आहे, हे या अभ्यासावरून कळते. सर्दीच्या लक्षणांपुरते पाहता चिंबोरीचे सूप, मुगाचे कढण किंवा आल्याचा गरम काढा यांनाही हाच तर्क लागू पडतो.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गात सूप देऊन केलेले चार अभ्यास आणि त्यांतील एकूण ३४२ सहभागी विचारात घेतले होते. त्यात लक्षणांची तीव्रता व आजाराचा कालावधी थोडा कमी झाल्याचे संकेत मिळाले. परंतु अभ्यास मोजके, लहान आणि वेगवेगळ्या सुपांचे असल्याने पुरावा मर्यादित समजला जातो.

### मानसिक परिणाम

अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रीय संशोधनात असे दिसले की, ज्यांना कोंबडीचे सूप हा मायेचा पदार्थ वाटतो, त्यांच्या मनात ते खाल्ल्यावर आपल्या माणसांशी असलेल्या नात्याचे विचार अधिक जागे होतात. आजाऱ्याला सुपाने वाटणाऱ्या आरामात ते कोणी करून दिले, याचाही भाग असतो.

## परिणामांची कारणे

* उष्णता व वाफ – श्लेष्मा पातळ होऊन पुढे सरकतो आणि घशाला शेक मिळतो. परिणाम अल्पकाळ टिकतो.
* पाणी – तापात घाम व जलद श्वसन यांमुळे शरीरातील पाणी कमी होते. साधे पाणी नकोसे वाटणारा रुग्ण चवीचे गरम पेय सहज घेतो.
* मीठ व रुची – मांसातून उतरणारे ग्लूटामेट, इनोसिनेट यांसारखे घटक आणि मीठ यांमुळे लाळ सुटते व भूक चाळवते.
* सहज पचणारे अन्न – सुपाबरोबर मऊ मांस, भात किंवा भाज्या खाल्ल्यास थोड्या श्रमात प्रथिने व ऊर्जा मिळते.
* आले, लसूण, मिरी – मिरीच्या तिखटपणाने नाक वाहू लागते व मोकळे झाल्यासारखे वाटते. हा परिणाम मसाल्याचा असतो, कोंबडीचा नव्हे.

कोंबडीतील सिस्टीन हे अमिनो आम्ल कफ पातळ करणाऱ्या ॲसिटिलसिस्टीन या औषधासारखे असल्याने सूप गुणकारी ठरते, असे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. दोन्हींची रासायनिक रचना जवळची असली, तरी अन्नातील सिस्टीन औषधाच्या मात्रेप्रमाणे काम करते, असे सिद्ध झालेले नाही.

## पोषणमूल्य आणि प्रचलित गैरसमज

### ‘सत्त्व पाण्यात उतरते’

आजाऱ्याला केवळ गाळलेले पाणी द्यायचे आणि तुकडे घरातील इतरांनी खायचे, ही पद्धत अनेक घरांत आढळते. पोषणाच्या दृष्टीने ती उलटी आहे. कोंबडीच्या १०० ग्रॅम शिजलेल्या, कातडीविरहित मांसात सुमारे २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असतात. पातळ गाळलेल्या सुपाच्या वाटीत ती जेमतेम काही ग्रॅम असतात. शिजवल्यावर प्रथिने मांसात घट्ट होऊन राहतात, तर पाण्यात जिलेटिन, क्षार, चव व थोडी चरबी उतरते. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसल्याने ते एकटे पुरे पडत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची गरज असते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम होते. आजारातून उठताना झीज भरून काढायची असल्याने गरज कमी होत नाही. म्हणून चावता येत नसल्यास मांस बारीक कुस्करून किंवा वाटून सुपातच मिसळणे, अंडे फेटून सोडणे किंवा डाळ घालणे अधिक लाभदायक ठरते. दोनचार दिवसांच्या सर्दीत या फरकाने फारसे बिघडत नाही. परंतु क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात, कुपोषित मुलात किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या वृद्धात तो महत्त्वाचा ठरतो. क्षयरुग्णांच्या आहाराचे महत्त्व ओळखून केंद्र शासनाने २०१८ पासून निक्षय पोषण योजनेद्वारे उपचारकाळात दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

### ‘पायांच्या सुपाने हाड जुळते’

हाडे कितीही वेळ उकळली, तरी त्यांतील कॅल्शियम पाण्यात अत्यल्प उतरते. सुपाचा चिकटपणा कॅल्शियमचा नसून जिलेटिनचा असतो. तुलनेसाठी, २५० मिलिलीटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यांसह खाल्ली जाणारी लहान मासळी हाही कॅल्शियमचा चांगला स्रोत आहे.

### ‘कोंबडीमुळे आजार पसरतो’

याच्या उलट टोकाची समजूतही वेळोवेळी उसळते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ कोंबड्यांमध्ये आढळली, तेव्हा लोकांनी कोंबडी खाणे सोडले. २०२० च्या सुरुवातीस कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा पसरली आणि राज्यातील कुक्कुटपालकांचे मोठे नुकसान झाले. करोना विषाणूचा कोंबडीच्या मांसाशी संबंध नव्हता. बर्ड फ्लूचा विषाणूही ७० अंश सेल्सिअस तापमानात मांस आतपर्यंत शिजल्यास नष्ट होतो. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात, नीट शिजवलेल्या सुपात नव्हे.

## मर्यादा आणि काळजी

सूप हे औषधाला पर्याय नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते व बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. तोवर आराम देणे एवढेच सुपाचे काम असते. पावसाळ्यात पालघर किनाऱ्यावर आढळणारे हिवताप, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस हे आजार मात्र सुरुवातीला साध्या तापासारखेच भासतात. रक्ततपासणीशिवाय त्यांचे निदान होत नाही. डेंग्यूत भरपूर पातळ पदार्थ घेणे आवश्यक असले, तरी सुपाने प्लेटलेट्स वाढतात, याला आधार नाही. श्वास घेण्यास त्रास, सततची उलटी, तीव्र पोटदुखी, रक्तस्राव, लघवी कमी होणे, कावीळ, गुंगी किंवा दोन दिवसांहून अधिक राहिलेला ताप यांपैकी काही असल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालवता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.

जुलाब व उलट्या – सूप हे जलसंजीवनीला (ओआरएस) पर्याय नाही. आतड्यात मीठ व पाणी नीट शोषले जाण्यासाठी ग्लुकोजची जोड लागते. गाळलेल्या सुपात ती नसते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व पाण्याच्या मिश्रणाने पटकीच्या रुग्णांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले. मिठाची तांदळाची पेज या बाबतीत सुपापेक्षा उजवी ठरते, कारण भाताच्या पिठूळ घटकापासून आतड्यात ग्लुकोज तयार होते.

लहान मुले – जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. या वयात सूप, पेज किंवा वरचे पाणी देऊ नये. त्यानंतरही पातळ पाण्याने बाळाचे लहानसे पोट भरते व पोषण मिळत नाही. म्हणून मांस, भात व डाळ कुस्करलेले दाट अन्न द्यावे.

मीठ – प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाकिटातील तयार सुपांत व चवीच्या वड्यांत मीठ बरेच असते. उच्च रक्तदाब, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांत घरी केलेले, बेताच्या मिठाचे सूप वैद्यकीय सल्ल्याने घेणे योग्य. रक्तातील युरिक आम्ल वाढलेल्या व्यक्तींनी मांसाचे दाट अर्क जपून घ्यावेत.

स्वच्छता – कच्ची कोंबडी हाताळल्यावर हात, सुरी व विळी साबणाने धुणे आवश्यक असते. कोंबडीचे मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठेल असे शिजवावे. शिजलेले सूप दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि पुन्हा देताना नुसते कोमट न करता खळखळून उकळावे. उष्ण व दमट किनारी हवेत सकाळचे सूप रात्रीपर्यंत ओट्यावर राहिले, तर त्यात जंतूंची वाढ होऊन तेच पोटाच्या आजाराचे कारण ठरू शकते.

## शाकाहारी पर्याय

मुगाचे कढण, कुळथाचे कळण, टोमॅटोचे सार आणि पेज यांतूनही उष्णता, वाफ, पाणी व मीठ हे सुपाचे मुख्य लाभ मिळतात. मुगाचे कढण न गाळता, शिजलेल्या डाळीसह घेतल्यास त्यातून प्रथिनेही मिळतात. भात व मूग एकत्र शिजवलेल्या मऊ खिचडीत दोन्हींची अमिनो आम्ले एकमेकांची उणीव भरून काढतात. तूप घातल्यास अल्प भूक असलेल्या रुग्णाला थोड्या घासांत अधिक ऊर्जा मिळते. येथेही तोच नियम लागू पडतो : घशाला आराम वरच्या पाण्याने मिळतो, पण अंगात ताकद येते ती तळाशी राहिलेल्या डाळीने.